केबलच्या तिकिटाची ओटी

नागपूरच्या माणसाला समुद्राचं अप्रूप किती असावं, याला काही मोजमाप नाही. अंबाझरीच्या तलावावर वाऱ्यानं चार लाटा उठल्या तरी तो सहकुटुंब पाहायला जातो आणि परत येताना ‘आज भरती होती’ असं भेटेल त्याला सांगतो. अशा या शहरात, प्रताप नगरात राहणाऱ्या आणि जमीन मोजणी खात्यात अव्वल कारकून असलेल्या रुपराव डाखोळ्यांनी १९८१ सालच्या ऑक्टोबरात एक दिवसाच्या रजेचा अर्ज केला. त्यात कारण लिहिलं होतं, ‘समुद्राखालील केबलनिमित्त.’

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला.

“डाखोळे, सव्वीस वर्षांच्या नोकरीत तुम्ही कोणाच्या शेताचा बांध ओलांडला नाही. समुद्रात कधी उतरले?”

“मी नाही जी साहेब, केबल उतरली. मद्रासहून पेनांगपर्यंत टेलिफोनची केबल टाकली सरकारनं. तिच्या नावानं पोस्टाचं तिकीट निघून राह्यलं. पहिल्याच दिवशी शिक्का मारून घ्या लागते.”

साहेबांनी सही केली. ‘दिवाळीच्या तोंडावर माणसं अशीच वागतात’ एवढंच ते पुटपुटले. आपल्या खात्यात समुद्र मोजायची पद्धत नाही, हे त्यांनी ओळखलं असावं.

पण रुपरावांना ही केबल का झोंबली, ते सांगायला हवं. त्यांच्या घरी एक आल्बम होता. तो त्यांच्या मुलीचा, प्रेमिलाचा. ती आठ-नऊ वर्षांची असताना बापलेकीनं ऑफिसातून, शेजारून, कुठून कुठून आलेल्या पाकिटांची कोपरं फाडून, ती ताटात पाण्यावर सोडून, सुटलेली तिकिटं जुन्या वर्तमानपत्रावर वाळवून तो भरला होता. इतरांची पोरं फुलपाखरं जमवत, राजेराण्या जमवत. या पोरीनं एक अख्खं पान समुद्राखालच्या टेलिफोन केबलींचं केलं होतं. “बाबा, एवढं सगळं बोलणं जाते, तं मासे ऐकत असतील का?” असं ती विचारायची आणि रुपराव गंभीरपणे सांगायचे, “ऐकत असतील, पण कोणाले सांगत नसतील.” त्या पानावर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, हाँगकाँग आणि मलेशिया अशी पाच तिकिटं होती. सहावा चौकोन पेन्सिलीनं आखून त्याखाली तिनं ‘भारत’ लिहून ठेवलं होतं. तो रिकामा होता.

पुढे प्रेमिलाचं लग्न झालं आणि जावई नोकरीसाठी गेले ते नेमके पेनांगला, म्हणजे ज्या मलेशियाचं तिकीट पोरीनं लहानपणी ताटात भिजवलं होतं तिथेच. निघताना ती आल्बम बापाच्या हाती देऊन म्हणाली होती, “बाबा, भारताचा चौकोन तुमच्याकडे.”

आता तिला दिवस गेले होते. नववा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही आपल्याकडची रीत. पण तिथल्या डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला साफ नाही म्हटलं. तेव्हापासून तिच्या आईचा, गोपिकाबाईंचा, जेवणावरून हात लवकर उठायचा. दर आठवड्याला त्या चार पानं पत्र सांगायच्या, रुपराव ते सुवाच्य अक्षरात लिहायचे आणि शेवटी स्वतःची एक ओळ घालायचे, ‘बाकी ठीक. तुझा बाबा.’ चार पानांत बापाचा वाटा तेवढाच. आपल्यालाही झोप लागत नाही, आपल्यालाही भीती वाटते, हे त्यांना लिहिता येत नव्हतं. सातबाराच्या उताऱ्यात भीतीचा रकाना नसतो आणि त्यांचा हात त्याच वळणाचा झाला होता.

म्हणून ते तिकीट. पेनांगच्या केबलीचं तिकीट, पहिल्या दिवसाच्या शिक्क्यानिशी, पेनांगला जावं. लेकीला कळावं की चौकोन बाबांच्या लक्षात आहे. आणि ती बाळाला घेऊन घरी येईल तेव्हा तिनंच आपल्या हातानं ते त्या चौकोनात लावावं. येईल तेव्हा, हे शब्द रुपराव मनातल्या मनातसुद्धा जरा घाईनं उच्चारायचे.

आता मध्यमवर्गीय माणसानं एखादी गोष्ट गुपचूप करायची ठरवली की ती शेजाऱ्यांना आधी कळते. शेजारी होते वामनराव. ते तारखात्यातून तारमास्तर म्हणून निवृत्त झालेले. टेलिफोननं तारेची इज्जत घालवली, असा त्यांचा कायमचा दावा होता. पण गल्लीतला एकुलता एक टेलिफोन त्यांच्याच घरी होता. त्यांच्या पत्नी यमुताईंनी विणलेल्या जाळीदार झाकणाखाली तो बसलेला असे आणि वामनराव ते झाकण नैवेद्यावरचा रुमाल उचलावा तसं उचलत.

“रुपराव, पाकीट घरूनच न्याजा,” रुपरावांच्या ओसरीवर बसून वामनरावांनी सल्ला द्यायला सुरुवात केली. “जाड कागदाचं. पत्ता आधीच लिहून. अंदर पुठ्ठ्याचा तुकडा टाकजा, कोन मुडत नाहीत. आन् मुख्य गोष्ट म्हणजे पाकीट रिकामं पाह्यजे. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. एकदम सपाट. शिक्का मारणाऱ्याचा हात तेव्हाच बरोबर बसते. मी खात्याचा माणूस आहो, मले अंदरचं माहीत आहे.”

यात चूक काहीच नव्हतं. चूक झाली ती एवढीच की हे बोलणं स्वयंपाकघरात ऐकू गेलं. तिथे यमुताई बसल्या होत्या, चकल्यांच्या सोऱ्यावर हात ठेवून.

“आयकलं का वं गोपिका?” यमुताई म्हणाल्या. “नवव्या महिन्यातल्या लेकीले बाप रिकामं पाकीट धाडून राह्यला.”

“आयकलं.”

“तुले चालते?”

“मले काहून चालन?” गोपिकाबाई म्हणाल्या. आणि सोरा तसाच राहिला.

वाचकांपासून काही लपवून ठेवण्यात अर्थ नाही. तिकीट निघायच्या दिवशी सकाळी रुपराव आंघोळीला गेले तेव्हा दोघींनी ते पाकीट बैठकीतल्या टेबलावरून उचललं. रुपरावांनी त्यावर पेनांगचा पत्ता असा लिहिला होता की एकेक अक्षर पट्टीनं मोजून घ्यावं. दोघींनी आधी आतला पुठ्ठा काढून टाकला, कारण तो आडवा येत होता. मग चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं. मग पाकिटाची ओटी भरली. लेक येऊ शकत नाही, तर तिच्या नावाच्या पाकिटाची भरायची, यात त्यांना वावगं काही दिसलं नाही. चिमूटभर हळद आणि पाच चिमटी तांदूळ घातले, एक सुपारी घातली आणि एक लेकुरवाळं हळकुंड घातलं. लेकुरवाळं म्हणजे मोठ्या हळकुंडाच्या अंगाला चिकटून वाढलेलं छोटं हळकुंड. आईच्या कडेवर लेकरू असावं तसं. ते सहजी मिळत नाही. यमुताईंनी त्यासाठी इतवारीतली चार दुकानं पालथी घातली होती. शेवटी कणकेच्या खळीनं पाकीट चिकटवून, दोघींनी त्याला नमस्कार केला आणि ते रुपरावांच्या कापडी पिशवीत, फायलीच्या खाली ठेवून दिलं. रुपरावांना टेबलावर पाकीट दिसलं नाही तेव्हा गोपिकाबाई आतून म्हणाल्या, “पिशवीत टाकलं जी मी. विसरून जाता तुमी.” बायकोची ही काळजी पाहून रुपराव खूष झाले.

पोस्ट शहरातलंच, मोठं. त्याचं नाव सांगत नाही. तिथल्या माणसांनी त्या दिवशी चांगुलपणा केला आणि सरकारी माणसानं नियमाबाहेर चांगुलपणा केल्याचं वर कळलं तर चौकशी लागते.

रुपराव आणि वामनराव साडेनवालाच पोचले. वामनरावांना सोबत न्यायचं कारण होतं. तिकिटं थोडी आली होती, माणशी एक मिळणार होतं. दोघं रांगेत असले तर एक जादा, पडलं झडलं तर असावं म्हणून. तीन नंबरच्या खिडकीनं सांगितलं की हे काम सात नंबरचं. सात नंबरनं सांगितलं की आधी फॉर्म भरा, फॉर्म तीन नंबरला मिळतो. फॉर्मवर ‘संस्थेचे नाव’ असा रकाना होता. रुपरावांनी तिथे जरा विचार करून ‘डाखोळे कुटुंब’ असं लिहिलं. सरकारी रकाना मोकळा सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

रांगेत त्यांच्या पुढे गिरिधर नावाचे गृहस्थ होते. ते तिकीट जमवणाऱ्यांच्या मंडळाचे चिटणीस. त्यांच्या खिशाला पेनाऐवजी चिमटा लावलेला होता. “पहिलीच वेळ वाटतं?” त्यांनी रुपरावांना विचारलं. “बोटानं तिकिटाला हात लावू नका. घाम लागला की संपलं. पाकीट सपाट आहे ना?”

“एकदम,” रुपराव छाती काढून म्हणाले.

एवढ्यात मागे गडबड झाली. कोणीतरी नुसतं एवढंच म्हटलं होतं की आता टेलिफोन थेट समुद्रापार लागेल, तारेचं काम संपलं. वामनराव रांगेतून बाहेर आले, हात वर केला आणि तारेनं या देशासाठी काय काय केलं ते त्यांनी पार इंग्रजांच्या काळापासून सांगायला घेतलं. टेलिफोनच्या नावाचं तिकीट मी विकत घेणार नाही, फुकट दिलं तरी घेणार नाही, असं त्यांनी भरल्या पोस्टात जाहीर केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण तेवढ्यात रांग पुढे सरकली, वामनरावांची जागा गेली आणि तिच्याबरोबर जादा तिकीटही गेलं.

खिडकीत प्रमोदिनीबाई होत्या. त्यांनी रुपरावांना तिकीट दिलं आणि सांगितलं, “हे शेवटून चौथं. लवकर चिकटवा, शिक्क्याचं टेबल बाजूलाच आहे.” रुपरावांनी ते तिकीट तळहातावर घेतलं. खरं सांगायचं तर त्यांचे डोळे भरून आले. चौदा वर्षं रिकामा असलेला चौकोन त्यांच्या तळहातावर होता. मग त्यांनी पिशवीत हात घातला.

हाताला जे लागलं ते पाकीट नव्हतं. निदान त्यांनी केलेलं पाकीट नव्हतं. त्यांनी ते बाहेर काढलं. ते चांगलं भरल्या करंजीसारखं फुगलं होतं, चारी कोपऱ्यांना हळदकुंकू होतं आणि हलवलं की आतून खुळखुळ वाजत होतं. गिरिधरनी ते पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकले.

“हे काय आहे?”

रुपरावांना एका क्षणात सगळं कळलं. पंचवीस वर्षांच्या संसाराला एवढं कळायला क्षण पुरतो. उघडायला जावं तर कणकेची खळ वाळून दगड झालेली. दुसरं पाकीट जवळ नव्हतं. मागचे लोक ढकलत होते. त्यांनी विमानटपालाची साधी तिकिटं मागच्या बाजूला लावलेलीच होती. आता समोर, वरच्या कोपऱ्यात, त्यातल्या त्यात सपाट जागा पाहून त्यांनी केबलीचं तिकीट चिकटवलं आणि पाकीट टेबलावर ठेवलं, विचार करायला म्हणून.

पण त्या टेबलावर चंपतराव होते. चंपतराव तीस वर्षं शिक्का मारत होते. त्यांचा हात डोळ्यांना विचारत नसे. शाईच्या गादीवर एक, पाकिटावर एक, गादीवर एक, पाकिटावर एक, असा तो घाण्याच्या बैलासारखा फिरत असे आणि तोंडानं ते शेजारच्या माणसाशी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, भावाबद्दल बोलत असत.

“थांबा!” रुपराव ओरडले.

धाड!

तो आवाज पोस्टात पूर्वी कोणी ऐकला नव्हता. शिक्का उसळून चंपतरावांच्या कपाळापर्यंत गेला. पाकिटाच्या बाजूला भोक पडलं, त्यातून पिवळा धूर निघाला, सुपारी टेबलावरून घरंगळत थेट सात नंबरच्या खिडकीखाली गेली आणि तांदूळ शाईच्या गादीवर सांडले. तिकिटावर शिक्का अर्धाच उमटला होता. मधोमध एक खळगा पडला होता आणि भोवती हळदीचं वर्तुळ होतं.

“संपलं,” गिरिधर म्हणाले. “याला आता काही अर्थ राहिला नाही.”

प्रमोदिनीबाई उठून आल्या. “यात आहे काय?”

“तांदूळ,” रुपराव म्हणाले. “आणखी… हळकुंड. सुपारी पण होती बहुतेक.”

“परदेशी टपालात शेतमाल? मग हे पत्र नाही होत. पार्सल होतं. त्याचा फॉर्म वेगळा, खिडकी वेगळी, तपासणी वेगळी. आज ती खिडकी बंद आहे.”

रुपरावांची मान खाली गेली. त्यांनी आयुष्यात दुसऱ्याच्या अर्जात खोट काढली होती, स्वतःच्या अर्जात कधी निघू दिली नव्हती. आणि आज साऱ्या पोस्टासमोर बायकोच्या हळकुंडानं त्यांची अब्रू फोडली होती. मग जे तोंडाला आलं ते त्यांनी बोलून टाकलं.

“पोरगी आहे जी माझी तिकडे. नववा महिना. पहिलटकरीण. येऊ नाही शकली. तिच्या आईनं ओटी भरली. मले माहीत नव्हतं.”

चंपतरावांनी शिक्का खाली ठेवला. त्यांनी पाकिटातून पडलेलं हळकुंड उचललं. त्याचे दोन तुकडे झाले होते. ते दोन्ही त्यांनी तळहातावर ठेवले.

“लेकुरवाळं होतं का जी?”

“असंल.”

“माह्या हातानं फुटलं,” चंपतराव म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला. “पहिलटकरणीच्या ओटीचं हळकुंड माह्या हातानं फुटलं, बाप्पा.”

रुपराव शकुन-अपशकुन मानणारे नव्हते. ऑफिसात आडवी मांजर गेली तर ते तिची फाईल उघडतील, पण थांबणार नाहीत. तरी चंपतरावांचं ते वाक्य त्यांच्या कानातून जाईना. लेकीला तिकडे काही झालं तर, हा विचार गेले तीन महिने त्यांनी दारातच अडवून ठेवला होता. तो आता बेधडक आत येऊन बसला.

पुढचं काम प्रमोदिनीबाईंनी हातात घेतलं. त्यांनी पाकिटातली भुकटी झाडली आणि हळकुंडाचे तुकडे रुपरावांच्या हातात दिले. “हे जाणार नाही. सुपारीही नाही. कोपऱ्यात तांदळाचे काही दाणे अडकलेले आहेत. ते मला दिसत नाहीत. माझा चष्मा नवीन आहे,” त्या म्हणाल्या. मग भोकावर त्यांनी पोस्टाची चिकटपट्टी लावली, ‘टपालात खराब झाल्याने दुरुस्त केले’ असं त्यावर लिहून सही केली. चंपतरावांनी शिक्का पुन्हा हातात घेतला, पण मारला नाही. शाई बेतानं घेऊन, एका हाताखाली दुसरा हात धरून, तान्ह्या लेकराच्या टाळूला तेल लावावं तसा त्यांनी तो तिकिटाच्या उरलेल्या अर्ध्या भागावर टेकवला. तारीख उमटली.

“जाईन जी तुमचं पाकीट,” ते म्हणाले. “मी सोता थैलीत टाकतो. पण बाळाचं काही कळलं तं मले सांगजा. मले झोप नाही लागणार.”

घरी येताना वामनराव सगळा वेळ बोलत होते आणि रुपराव एक शब्द ऐकत नव्हते. खिशात हळकुंडाचे दोन तुकडे होते. बायकोला चांगलं फैलावर घ्यायचं, असं त्यांनी पोस्टाच्या पायरीवर ठरवलं होतं. पण घर जवळ यायला लागलं तसा राग पातळ झाला आणि भीती घट्ट झाली. हळकुंड फुटलं हे तिला सांगायचं कसं? आधीच जेवत नाही. लपवावं म्हटलं तर वामनराव होते. वामनरावांसमोर लपवणं म्हणजे आकाशवाणीच्या माइकसमोर कुजबुजणं.

झालंही तसंच. फाटक उघडायच्या आत वामनरावांनी सगळी हकीकत गल्लीला ऐकवली. गोपिकाबाई दारात आल्या. त्यांनी तिकिटाचं विचारलं नाही, पाकिटाचं विचारलं नाही.

“हळकुंड फुटलं?”

“हो.”

“दाखवा.”

रुपरावांनी तुकडे पुढे केले. गोपिकाबाईंनी ते तळहातावर घेतले, उजेडात नेले, उलटेपालटे करून पाहिले. यमुताई कुंपणावरून डोकावून पाहत होत्या. आणि गोपिकाबाईंचा चेहरा, तीन महिन्यांत पहिल्यांदा, हळूहळू सैल झाला.

“फुटलं कुठी जी?” त्या म्हणाल्या. “पाहा तं खरं. मोठ्याले चरा नाही, लहान्याले चरा नाही. दोघं साबूत हायेत. लहानं आईपासून अलग झालं फक्त.” आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. “सुटका झाली जी. सुखरूप सुटका होते पोरीची. यमुताई, पाहा वं!”

यमुताईंनी पाहिलं. वामनरावांनी पाहिलं आणि आपण पोस्टातच हे ओळखलं होतं असं सांगितलं. रुपरावांनीही पाहिलं. त्यांना शकुन कळत नव्हता, पण खूण कळत होती. सव्वीस वर्षं जमिनीच्या खुणा पाहिल्या होत्या. दोन्ही तुकडे खरंच अखंड होते. ते ओसरीवर बसले आणि त्यांनी पाणी मागितलं. त्या दिवशी गोपिकाबाई पोटभर जेवल्या आणि वाढताना दोनदा हसल्या. हळकुंडाला काय कळतं ते कळो. बायकोला जेवण गेलं, हे रुपरावांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं आणि मनातून कोणाचे तरी आभार मानले. नक्की कोणाचे, ते त्यांनी ठरवलं नाही.

दिवाळी झाली. तुळशीचं लग्न दोन दिवसांवर आलं. रविवारी सकाळी अकराच्या सुमारास यमुताई कुंपणापाशी न थांबता थेट फाटकातून धावत आल्या, हाताला बेसन तसंच.

“गोपिका! फोन! पेनांग!”

वामनरावांच्या घरात शिरेपर्यंत गोपिकाबाईंची एक चप्पल कुठेतरी राहिली. वामनराव जाळीचं झाकण हातात घेऊन उभे होते. “जोरात बोलजा,” ते म्हणाले. “मधात समुद्र आहे. तीन मिनिटं.”

पण जोरात बोलायची गरजच नव्हती. जवळच्या काटोलचा ट्रंक कॉल घ्यायचा तर गल्ली जागी व्हायची. हा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा आला. आधी जावई. मुलगी झाली, दोघी छान आहेत. गोपिकाबाईंनी “हो का” म्हटलं आणि त्यांना बोलवेना. मग प्रेमिलाचा आवाज आला आणि त्यांना एवढं बोलवलं की मेथीचे लाडू, शेक, धुरी, टाळू भरणं यांत अडीच मिनिटं गेली. वामनरावांनी घड्याळ दाखवलं तेव्हा त्यांनी रिसीव्हर नवऱ्याच्या हातात कोंबला.

“बाबा,” प्रेमिला म्हणाली. “पाकीट आलं. आधी पाकीट आलं, दुसऱ्या दिवशी ही आली.”

रुपरावांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. “तिकीट खराब झालं वं बेटा. शिक्का वाकडा बसला. मले माफ कर.”

“बाबा, त्याले हळदीचा वास येऊन राह्यला. मी ते उशाखाली घेऊन गेली दवाखान्यात. आत तांदळाचे नऊ दाणे होते. मोजले मी.” मग ती थांबली. “मी लई भेली होती बाबा.”

“मी पण,” रुपराव म्हणाले.

चार पानांच्या पत्रांत कधी मावलं नव्हतं ते एवढंसं निघालं. पलीकडे बाळ रडायला लागलं. प्रेमिलानं बहुधा फोन त्याच्यापाशी धरला असावा, कारण ते रडणं समुद्राखालून, मद्रासवरून, प्रताप नगरातल्या त्या जाळीच्या झाकणापर्यंत स्वच्छ ऐकू आलं. वामनराव, ज्यांनी टेलिफोनला उभ्या आयुष्यात चांगलं म्हटलं नव्हतं, ते घड्याळाकडे पाहायचे थांबले. तीन मिनिटं होऊन गेली होती. त्यांनी घड्याळ मनगटावरून काढून खिशात टाकलं.

“बाकी…” रुपराव म्हणाले.

“ठीक आहे, बाबा,” लेक म्हणाली. “सगळं ठीक आहे.”

दुसऱ्या दिवशी रुपरावांनी पुन्हा अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारणाच्या रकान्यात ‘आजोबा झाल्यानिमित्त’ असं लिहिलं, आणि साहेबांनी या वेळी एकदाच वाचून सही केली. पोस्टात प्रमोदिनीबाईंनी पेढा घेतला आणि चष्मा पुसला. चंपतरावांनी रुपरावांना दारात पाहिलं तेव्हा त्यांचा हात, तीस वर्षांत पहिल्यांदा, गादी आणि पाकीट यांच्या मधे हवेत थांबला.

“दोघी खुशाल आहेत,” रुपराव लांबूनच म्हणाले. “पोरगी झाली.”

चंपतरावांनी शिक्का ठेवला, दोन्ही हात आधी डोक्याला लावले आणि मग जोडले. रुपरावांनी ते जोडलेले हात आपल्या हातात धरले. शाई लागली. ती त्यांनी घरी येईपर्यंत धुतली नाही.

त्या संध्याकाळी रुपरावांनी आल्बम काढला आणि केबलींचं पान उघडलं. तिकीट अजून पेनांगलाच होतं. ते लेक आणणार होती. पण चौकोन तोवर रिकामा ठेवायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं. मोठं हळकुंड गोपिकाबाईंनी देवापाशी ठेवलं होतं. लहानं रुपरावांनी मागून घेतलं, आणि सुईदोऱ्यानं, दोन टाके इकडून, दोन टाके तिकडून, ‘भारत’ लिहिलेल्या त्या चौकोनात नीट शिवून टाकलं. खाली, सातबाराच्या अक्षरात, तारीख घातली आणि तिकीट जमवणारे लिहितात तसा एकच शब्द लिहिला, ‘वापरलेलं’.

तेव्हापासून तो आल्बम मिटत नाही.